इव्रेआची संत्र्यांची लढाई: लाल टोपीच्या भरवशावर राहू नका

"लाल टोपी घाला, कोणी मारणार नाही." इटलीतल्या इव्रेआ गावात कार्निव्हलला घोड्यांच्या गाड्यांवरचे आणि खाली रस्त्यावरचे लोक एकमेकांना संत्री फेकून मारतात. तिकडे निघण्याआधी ज्याने त्याने मला हेच सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. लाल टोपी म्हणजे 'मी लढत नाही' ही खूण. तुमच्यावर मुद्दाम कोणी नेम धरत नाही, एवढंच. चुकलेलं संत्रं कुठेही लागतं. मला कानामागे बसलं आणि रात्रीपर्यंत डोकं ठणकत होतं. चौकांत जाळ्या लावलेल्या असतात, त्यांच्या मागेच उभे राहा. चष्मा असेल तर फोटोसाठीसुद्धा बाहेर येऊ नका. आणि टोपी स्टेशनबाहेर घेऊ नका. तीच टोपी गावात मला निम्म्या किमतीत दिसली.

  

खरा त्रास जुन्या पुलाकडे जाणाऱ्या गल्लीत झाला. संत्र्यांचा लगदा, घोड्यांची लीद आणि वरून पाऊस. घोटाभर चिखलात खालचे दगड दिसत नाहीत, मागून लोंढा रेटत असतो आणि घोड्यांचा गाडा आला की सगळे एकदम भिंतीकडे सरकतात. धुळवडीला घालतो तसल्या जुन्या चपला इथे कामाच्या नाहीत. घट्ट पकडीचे ट्रेकिंगचे बूटच हवेत. लहान मुलांना या गल्लीत अजिबात आणू नका.

तरीही जाच. गाड्यांवरचे म्हणजे दंतकथेतल्या जुलमी सरदाराचे सैनिक. त्यांना शिरस्त्राण असतं. खालचे नऊ संघ म्हणजे प्रजा, आणि ती उघड्या तोंडाने लढते. सरदाराचं मुंडकं उडवणारी गिरणीवाल्याची मुलगी व्हायोलेत्ता ही या उत्सवाची नायिका. तोंड सुजलेला माणूस गाडा निघताना वरच्या लढवय्याशी हात मिळवतो, ते पाहून माझ्या अंगावर काटा आला.

लढाई लेंटआधीच्या (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ) रविवार ते मंगळवार, तिन्ही दिवस दुपारी असते. २०२७ मध्ये ७ ते ९ फेब्रुवारी. रविवार टाळा: गर्दी प्रचंड, वर बाहेरच्यांना प्रवेशाचं तिकीट. सोमवार सर्वांत चांगला. तोरिनोत (ट्युरिन) मुक्काम करा, रेल्वेने तासाभराचं अंतर आहे. मंगळवारी रात्री झुडपांनी मढवलेले उंच खांब जाळतात. ते पाहायचे असतील तर परतीची शेवटची गाडी सकाळीच विचारून ठेवा आणि बदलायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न्या. भिजलेल्या कपड्यांत फेब्रुवारीतली इथली थंडी सोसवत नाही.