आधी सगळं थाईमध्ये करा

पाच वर्षांच्या भाचीसाठी काहीतरी शिकवणारी, निर्धोक वेबसाइट शोधून दे, असं दादाने सांगितलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच धंदा. वाटलं, तासाभरात उरकेल. तीन शनिवार गेले.

पहिल्या शनिवारी मी मोठ्या माणसासारखी तपासत बसले. ‘मुलांसाठी सुरक्षित’ असा बिल्ला आहे का, पत्त्यात एचटीटीपीएस आहे का, वगैरे. एचटीटीपीएस म्हणजे वाटेत कुणी डोकावणार नाही, एवढंच. पलीकडचा माणूस भला की लबाड, हे त्यातून कळत नाही. एचटीटीपीएस असलं की ब्राउझर पत्त्याशेजारी कुलूप दाखवायचा. लोक त्या कुलपाचा भलताच अर्थ घेतात, म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. बिल्ला काय, कुणीही चिकटवतं.

मग डोक्यात आलं, भाचीला अजून वाचता येत नाही आणि मला येतं, घोळ तिथेच आहे. मी ब्राउझरमधलं भाषांतर चालू करून एकेक साइट थाईमध्ये उघडली. थाईचं एक अक्षर मला कळत नाही. (चित्रात कोरलेला मजकूर बदलत नाही, तिकडे काणाडोळा करायचा.) आता माझंही बोट भाचीसारखंच सगळ्यात मोठ्या, उड्या मारणाऱ्या बटणावर जायला लागलं.

अंक शिकवणाऱ्या एका साइटवर हिरवा बाण दाबला. ती जाहिरात निघाली. खेळाचा बाणही हिरवाच होता, पण निम्म्या आकाराचा. दुसरीकडे जाहिरात बंद करायची फुली तिळाएवढी. तिसरीकडे खजिन्याची पेटी उघडली, तर वर्गणीचं पान. वाचता येत असतं तर या तिन्ही साइट मी पास केल्या असत्या, हे कबूल करते.

एका साइटने जन्मसाल विचारलं. अमेरिकेचा १९९८ चा कॉपा नावाचा कायदा आहे, एप्रिल २००० पासून लागू. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आधी पालकांची संमती हवी. मी भाचीचं खरं साल टाकलं, तर ‘आईबाबांना बोलाव’ आलं. मागे जाऊन साल बदललं, की दार उघडं! टेस्टिंगला कालच लागलेल्या पोरालाही हे सापडलं असतं.

जुन्या शिफारशींच्या याद्यांवर तर अजिबात विसंबू नका. ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं आणि त्यावर चालणारे कितीतरी खेळ गेले. मुदत संपलेला पत्ता कुणीही घेऊ शकतो. मुळाक्षरं शिकवणाऱ्या एका साइटच्या जुन्या पत्त्यावर आता सट्टा चालतो.

दादाच्या राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस (म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा ठिकाणा शोधून देणारी सेवा) टाकून दिला. प्रौढांच्या आणि व्हायरसवाल्या साइट त्याने अडतात, हिरवे बाण नाही अडत.

शेवटी वेबसाइट दिलीच नाही. स्क्रॅचज्युनिअर हे ॲप दिलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं. त्यात आज्ञांचे ठोकळे एकापुढे एक जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवायचं. हे ठोकळे चित्रांचे आहेत, वाचायचं काही नाही, त्यामुळे थाई करायलाही काही उरलं नाही. रविवारी दादाचा फोन आला. भाचीने मांजराला उडी मारायला लावून पुढे ‘कायम चालू’चा ठोकळा जोडला होता. ‘ती थांबवत नाहीये,’ दादा म्हणाला, ‘आणि मला थांबवता येत नाहीये.’