हरभरे, तांदूळ आणि तोफेचे गोळे

कोणाच्याही घरची वाणसामानाची यादी हाती लागली, की ती वाचल्याशिवाय मला राहवत नाही. माणसाच्या डोक्यात सध्या काय घोळते आहे, हे अशा चिटोऱ्यावर जितके उघडे पडते तितके रोजनिशीतही पडत नसावे. माझी सर्वांत आवडती यादी गॅलिलिओची आहे. २३ नोव्हेंबर १६०९ या तारखेचे एक पत्र त्याला आले होते, त्याच्याच पाठीवर त्याने ती खरडली. तीत हरभरे, तांदूळ, मनुका, साखर, मिरी, लवंगा आणि दालचिनी आहे, हस्तिदंती फण्या आहेत, लहानग्या मुलासाठी, विन्चेन्झोसाठी, पादत्राणे आहेत. आणि त्याच ओघात तोफेचे गोळे, ऑर्गनची कथिलाची नळी, घासलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे, डांबर आणि नमदाही आहे.

ही दुसरी खरेदी दुर्बिणीसाठीची. पण दुर्बीण मुळात त्याची नव्हेच. मिडलबर्गच्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने १६०८ च्या ऑक्टोबरमध्ये डच सरकारकडे तिचा हक्क मागितला होता. पण आणखी दावेदार पुढे आले आणि नक्कल करणेही सोपे, म्हणून तो नाकारला गेला. सोपी होती ती तिप्पट मोठे दाखवणारी नळी. वीसपट मोठे दाखवायचे, तर चष्म्याच्या दुकानातली भिंगे पुरेशी पडत नव्हती, ती स्वतःच घासावी लागत. डोळ्याजवळचे भिंग अंतर्वक्र असल्यामुळे ते गोळ्यावरच घासायला हवे, आणि तोफेचे गोळे यादीत आले ते बहुधा याच कामासाठी. भिंग कडेला सदोष उतरे, तेव्हा पुठ्ठ्याचे कडे बसवून त्याचा मधलाच भाग उघडा ठेवायचा. एवढी खटपट करूनही त्या नळीत पूर्ण चंद्र एका वेळी मावत नसे. तरी ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूच्या शेजारचे तीन ठिपके तिच्यातूनच दिसले, आणि काही दिवसांनी चौथाही.

प्रकाशशास्त्रात जर्मन खगोलज्ञ केप्लरचा अधिकार मोठा. पण ते ठिपके, म्हणजे गुरूचे उपग्रह, स्वतः पाहण्यासाठी त्याला गॅलिलिओने कोलोनच्या इलेक्टरला (तिथल्या जर्मन राज्यकर्त्याला) पाठवलेली दुर्बीण काही दिवस उसनी घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी त्याने दोन बहिर्वक्र भिंगांच्या, अधिक सरस दुर्बिणीची मांडणी प्रसिद्ध केली. ती प्रत्यक्ष घडवली मात्र दुसऱ्यांनी.