सरांच्या टेबलावरचे कौल

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे शाळेचे पत्र आले आणि डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहिले. आठवी ब, बाहेर धो धो पाऊस आणि इतिहासाच्या सरांच्या टेबलावर एक फुटके मंगलोरी कौल.

आदल्या दिवशी आम्ही आठवी अ ला कबड्डीत दोन गुणांनी हरवले होते. आमच्या कप्तानाचा हात मोडला, दोघांचे गुडघे फुटले, उपांत्य सामन्याला सात जण धड उरले नाहीत. तरी आम्ही बाक बडवत होतो. सर आले, रागावले नाहीत. रात्रीच्या वाऱ्याने पडलेले कौल त्यांनी व्हरांड्यातून उचलून आणले आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : पिऱ्हस.

हा ग्रीसमधल्या एपिरस राज्याचा राजा. इटलीतल्या टॅरेंटमने मदतीला बोलावले म्हणून हत्ती घेऊन समुद्रापार रोमनांवर चालून गेला. इ.स.पूर्व २८० मध्ये हेराक्लियाला जिंकला, पुढच्या वर्षी अस्क्युलमला जिंकला. पण जवळचे सरदार, कसलेले शिपाई कामी आले. त्याची नवी कुमक समुद्रापलीकडे, रोमनांची फौज मात्र झऱ्यासारखी पुन्हा भरायची. अभिनंदन करणाऱ्याला तो म्हणाला, असा आणखी एक विजय मिळाला तर आपण पुरते संपलो. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने हे नोंदवून ठेवले आहे. 'पिऱ्हसचा विजय' हा शब्द तिथला.

"सर, म्हणजे गड आला पण सिंह गेला?" मी विचारले.

"नाही रे बाळा. तानाजी पडले, पण कोंढाणा स्वराज्यात आला. ते दुःख वेगळे. पिऱ्हसच्या पदरात काय पडले? बेनेव्हेंटमच्या लढाईनंतर त्याला इटली सोडावी लागली."

मग त्यांनी कौल हातात घेतले. इ.स.पूर्व २७२ मध्ये ग्रीसमधल्या आर्गोस शहराच्या गल्लीत एका म्हातारीने आपल्या मुलाला वाचवायला छपरावरून असेच कौल फेकले. ते मानेवर बसले, राजा घोड्यावरून कोसळला आणि शत्रूच्या शिपायांनी त्याला संपवले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आज तालुक्याच्या कोर्टात मला वकिली करून एकतीस वर्षे झाली. दीड हात बांधासाठी सख्खे भाऊ येतात. वीस वर्षे तारखा, बैलजोडी विकलेली, बोलणे बंद. वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी त्यांना पिऱ्हस सांगतो. काही जण तिथूनच तडजोडीला परततात. त्याचे श्रेय सरांचे. हे त्यांना समक्ष सांगायचे राहून गेले, याची खंत आहे.

आता शाळेची स्लॅबची तीन मजली इमारत आहे. पंखे आहेत, फळा पांढरा आहे. पावसाचा तो आवाज मात्र नाही. स्मरणिकेत जुन्या इमारतीचा रंगीत फोटो छापलात तर आठवी ब च्या तिसऱ्या खिडकीवर पाहा. काळपट छपरात एकच कौल लालभडक दिसेल. ते त्याच आठवड्यात बसवले होते.