आता कशाला?

काल रात्री कपाटातला जुना टॉवेल काढायला सवयीनं हात गेला आणि हे म्हणाले, "आता कशाला?"

म्हणजे यांना ठाऊक होतं.

मी समजत होते, अंधारात अंथरते, पहाटे उठून भिजवते, कुणाला पत्ता नाही. आणि यांना ठाऊक होतं. मग बोलले का नाहीत? कीव आली असेल? की किळस? मी डोकं दुखतंय म्हणून कूस बदलायचे, तेव्हा यांनाही सुटल्यासारखं वाटत असेल का... जाऊ दे.

ऑपरेशनआधी सगळं विचारलं गेलं. खोकताना लघवी होते का, शिंकताना होते का, दिवसाला पॅड किती. "त्या वेळी" होते का, हे कुणी विचारलं नाही, मीही जीभ उचलली नाही. घरी सोडताना डॉक्टरबाई यांच्याकडे बघून म्हणाल्या, "सहा आठवडे संबंध नको." उद्या पाणी येणार नाही, अशी सोसायटीची नोटीस वाचावी तसा सूर. मी तिथेच बसले होते.

मग रात्री फोनवर वाचत बसले. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी, खोकला आला की मार्ग तिच्यावर दाबून मिटतो. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत, आमच्या लग्नाचं साल. बऱ्याचजणींचं सुख तसंच राहतं किंवा वाढतं, कारण गळायची धास्ती जाते. काहींना दुखतं. क्वचित पट्टीची कड आत उघडी पडते, नवऱ्यालाही टोचते. इंग्लंडात २०१८ मध्ये हे ऑपरेशन थांबवलं, हेही तेव्हाच वाचलं. झोप कुठली लागते!

माझं गळणं थांबलंय, टोचत काही नाही. पण अंग अजून आवळून धरलेलं. सगळं लक्ष खाली, कान लावून. माणूस शेजारी आहे याचा पत्ताच नाही.

सकाळी चहा देताना विचारलंच, "कधीपासून माहीत होतं?"

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "माझाच टॉवेल तो. दापोलीहून आल्यापासून शोधत होतो."

फ्रीजमधलं दही न सापडणारा माणूस!

बुधवारी तपासणी आहे. पाळी गेल्यापासूनच्या कोरडेपणाचं विचारायचंय, त्यावर क्रीम असतं म्हणे. हे म्हणाले, मी येतो. म्हटलं, या, पण बाहेर बसा.