ऑर्डर रोखल्याचा मेल मी कसा तपासला

दिवाळीच्या सेलमध्ये मागवलेला मिक्सर घरी पोहोचायचा असतानाच त्याच दुकानाच्या नावाने मला एक मेल आला. ‘पेमेंटची पडताळणी अपूर्ण असल्यामुळे आपली ऑर्डर रोखण्यात आली आहे, २४ तासांत कार्डाचा तपशील पुन्हा नोंदवावा, अन्यथा ऑर्डर रद्द होईल,’ असा मजकूर होता. लोगो हुबेहूब होता आणि मराठीही शुद्ध होती, तेव्हा भाषेतल्या चुकांवरून खोटेपणा ओळखण्याचे दिवस आता गेले म्हणायचे. मेल पाठवणाऱ्याला माझ्या मिक्सरची माहिती असलीच पाहिजे, असेही नाही. सेलच्या दिवसांत असंख्य लोकांना एकच मेल धाडला, की त्यांतील अनेकांचे काही ना काही वाटेत असतेच.

प्रथम मी पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्यामागचा पत्ता उघडला, कारण वर दिसणारे नाव कोणालाही हवे ते टाकता येते. पत्ता दुकानाचा नव्हता. मग मेलमधले बटण नुसते दाबून न सोडता त्यावर बोट धरून ठेवले, तेव्हा लिंक न उघडता तिचा पूर्ण पत्ता दिसला. त्यात दुकानाचे नाव होते, पण अगदी सुरुवातीला. पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या (/) लगेच आधी मात्र ‘ऑर्डर-तपासणी डॉट टॉप’ अशा धर्तीचे भलतेच नाव होते. संकेतस्थळ कोणाचे, हे त्या उजवीकडच्या टोकावरून ठरते. डावीकडे कोणत्याही नामांकित दुकानाचे नाव जोडता येते. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचाही येथे उपयोग नसतो, कारण त्यावरून फक्त मधल्या मार्गात माहिती सुरक्षित आहे एवढेच कळते, ती पोहोचते कोणाकडे हे कळत नाही.

त्यानंतर मेल बाजूला ठेवून मी दुकानाचे ॲप स्वतंत्रपणे उघडले. पैसे जमा झाले होते आणि पार्सल निघाले होते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी चालणारा पर्यायी सांकेतिक क्रमांक, वापरले जाते. कार्ड बदलल्यास नवे टोकन लागते हे खरे, पण ते काम दुकानाच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावरच ओटीपी देऊन होते, त्यासाठी मेलमधल्या लिंकवर कार्डाचा तपशील द्यावा लागत नाही.

तक्रार कोठे करायची, याचा मात्र थोडा शोध घ्यावा लागला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या पोर्टलवरील ‘चक्षू’ ही सोय फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपसाठी आहे. ईमेलचा पत्ता आणि लिंक मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयितांच्या विभागात नोंदवली आणि जीमेलमध्येही ‘रिपोर्ट फिशिंग’ (फसव्या मेलची तक्रार) केले.

त्याच आठवड्यात वहिनींना रिफंडचा मेल आला. पैसे जमा करण्यासाठी यूपीआय पिन टाका, असे त्यात होते. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायलाच लागतो, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करण्याची वेळ आली नाही. पैसे गेलेच तर त्या क्रमांकावर आणि बँकेला ताबडतोब कळवावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे धरले जाते.