येम, येश, येस्त

रशियन शिकायला बसलं की पहिली धास्ती लिपीची. ती लवकरच ओसरते. विभक्त्यांचंही मराठी माणसाला फारसं काही वाटत नाही. प्रथमेपासून संबोधनापर्यंत घोकून मोठे झालेल्यांना सहा विभक्त्या म्हणजे सूटच. घोडं अडतं ते क्रियापदांपाशी.

बहुतेक क्रियापदं दोन गटांत गुमान बसतात. 'तू'च्या रूपाला एका गटात शेवटी 'एश' लागतं, दुसऱ्यात 'ईश'. एकेक नमुना पाठ झाला की शेकडो क्रियापदं त्यावर चालवता येतात. उरतात ती मोजकी, कुणालाच न जुमानणारी. 'खाणे' घ्या. मी येम, तू येश, तो येस्त. आम्ही येदीम, तुम्ही येदीते, ते येद्यात. एकवचनात 'द'चा पत्ता नाही आणि अनेकवचनात तो हजर. पाठ्यपुस्तक यावर एवढंच म्हणतं: अनियमित, पाठ करा.

पण शाळेत संस्कृतची धातुरूपावली घोकली असेल तर इथे कान टवकारतात. अद् म्हणजे खाणे, दुसऱ्या गणाचा धातू: अद्मि, अत्सि, अत्ति. 'येम' हा 'अद्मि'चा सख्खा भाऊबंद. मधला 'द' गळाला, 'मि'चा 'म' तेवढा राहिला. 'देणे'चंही तेच. दाम, दाश, दास्त आणि अनेकवचनात दादीम, दादीते, दादूत. मागे 'ददामि' उभा आहे. आजच्या रशियनमध्ये 'मी'च्या रूपाला 'म' लावणारी मूळ क्रियापदं ही दोनच, आणि त्यांना उपसर्ग लावून झालेली. तिसरं होतं 'असणे'. त्याची वर्तमानकाळातली रूपं जवळजवळ सगळी झडली, मागे राहिलं ते 'येस्त', म्हणजे आपलं 'अस्ति'.

म्हणजे ही क्रियापदं बिघडलेली नव्हेत, जुनी आहेत. एके काळी अशी आणखीही होती. क्वचित लागणाऱ्या क्रियापदाचं जुनं रूप लोक विसरतात आणि नियमाला धरून नवं पाडतात. खाणं आणि देणं रोजचं, ते विसरायला उसंत कुठली!

'हवं असणे'चं प्रकरण मात्र वेगळं. ते एकवचनात पहिल्या गटात नांदतं आणि अनेकवचनात दुसऱ्या: खचू, खोचेश, खोचेत, पण खतीम, खतीते, खत्यात. हे शेवटचं रूप मी 'पैसे खात्यात' असं म्हणत लक्षात ठेवलं. रशियन पोरंही इथे अडखळतात, 'खोचुत' म्हणतात आणि मोठ्यांची बोलणी खातात. आपल्याकडे लहान मूल 'मी करलं' म्हणतं, तसंच. मूल नियम बरोबर लावतं, भाषाच ऐकत नाही. 'जाणे'बद्दल तर आपण तक्रारच करू नये. रशियनमध्ये 'इद्ती'चा भूतकाळ होतो 'शोल', दोहोंचा धातू निराळा. आपणही 'जातो' एका धातूवरून घेतो आणि 'गेला' दुसऱ्यावरून, वर कुणाला त्याचं काही वाटत नाही. तो शोल, ती श्ला, ते श्लो. गेला, गेली, गेलं. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या लिंगभेदाची सविस्तर समजूत घालत बसतात. मराठी माणसाने ती पानं खुशाल उलटावीत.

शाळेत रशियन मुलं आणखी एक यादी तालावर म्हणतात. दिसायला पहिल्या गटातली, पण चालतात दुसऱ्यासारखी, अशी 11 क्रियापदं: हाकणे, धरणे, बघणे, दिसणे, श्वास घेणे, ऐकणे, द्वेष करणे, दुखावणे, सोसणे, अवलंबून असणे, गरगर फिरवणे. एकत्र कुटुंबाची अख्खी कहाणी एवढ्यात उरकते.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'पबेदीत', जिंकणे. तू जिंकशील, तो जिंकेल, आम्ही जिंकू, सगळं आहे. फक्त 'मी जिंकेन' नाही. जोडाक्षराची काहीतरी अडचण होते, कुठलंच रूप कानाला बरं वाटत नाही, म्हणून प्रमाण भाषेने ते घेतलंच नाही. मग तिथला बुद्धिबळपटू सामन्याआधी म्हणतो काय, असं मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "विजय मिळवीन म्हणतो. नाहीतर गप्प बसतो आणि जिंकतो."