निनावी चिठ्ठ्या

ती कादंबरी आमच्या वाचनालयात इतकी फिरली की पानं सुटायला लागली आणि बांधणीला पाठवावी लागली. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. मला स्वतःला ती आवडली होती. गोष्ट साधीच. भांडण झालेल्या जुन्या मित्राला नायिका रात्री रागारागाने मेसेज पाठवते. तो नंबर एव्हाना भलत्याच माणसाकडे गेलेला असतो. तो माणूस उत्तर देतो. मग थोडी नकारघंटा, थोडी खेचाखेची, आणि शेवटी नाव सांगायचं नाही, फोटो मागायचा नाही या बोलीवर दोघांचं बोलणं सुरू होतं. एक प्रकरण तिचं, एक त्याचं, मध्ये पानंच्या पानं नुसते मेसेज. तो तिच्याच ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो हे वाचकाला पंचविसाव्या पानावर कळतं आणि तिला अडीचशेव्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ग्रंथपाल आहे. सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गाचं वाचनालय. ग्रंथपाल दिवसभर वाचत बसते असा लोकांचा समज आहे. माझा दिवस दाखल नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, पुस्तकं दाबून बसलेल्यांना फोन आणि अनुदानाचा हप्ता कधी येणार याची चौकशी यात जातो. वाचायचं ते रात्री, घरचं आवरल्यावर.

तर बांधणी. आमचा बांधणीवाला जुना माणूस, हात चांगला, पण पुस्तक उघडून बघायची त्याला सवय नाही. पाठीपासून अर्धा इंच आत टोचा मारतो आणि मोकळा होतो. साध्या कादंबरीला ते खपून जातं, कारण समास असतो. इथे मेसेज मोबाईलवर दिसतात तसे छापलेले: तिचे उजव्या कडेला, त्याचे डाव्या. डाव्या हाताच्या पानाची शिवण उजवीकडे येते, त्यामुळे तिथे तिचे शब्द शिवणीत गेले. उजव्या हाताच्या पानावर त्याचे गेले. एका पानावर तो एकटाच बडबडतोय, दुसऱ्या पानावर ती. मी डोक्याला हात लावला. पण पुस्तक काही थांबलं नाही. वाचकांनी शिवणीत गेलेले शब्द पेन्सिलीने समासात उतरवले, आणि जिथे वाचताच येईना तिथे स्वतःचे घातले. एके ठिकाणी तो विचारतो, “झोपलीस?” समासात कुणीतरी लिहिलंय, ‘हो, मगाशीच.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘नाही, भांडी घासतेय.’

पुस्तकात लिहिलं तर आमच्याकडे दंड आहे. लावायचा कुणाला? उलट त्या समासांनीच मला कल्पना दिली.

१५ ऑक्टोबर म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस. राज्यात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. कार्यक्रम करायचा, फोटो काढायचे, अहवालाला जोडायचे. आमच्या अध्यक्षांना दरवर्षी ऐतिहासिक कादंबरीवर व्याख्यान हवं असतं. पुस्तकात घोडा नसेल तर ते साहित्य नाही, असं त्यांचं मत आहे. देवघेवीची नोंद काय सांगते हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. आमच्याकडे सभेत बोलतात ते ठरलेले तीन-चार निवृत्त पुरुष, आणि पुस्तकं वाचून संपवतात त्या बायका, ज्या सभेत मागच्या रांगेत बसतात आणि चहा झाला की निघतात. म्हणून मी सुचवलं की या कादंबरीवर चिठ्ठ्या मागवू. नाव लिहायचं नाही. जी येईल ती मी पूर्ण वाचून दाखवीन. तक्रारपेटी वर्षानुवर्षं रिकामीच होती, ती पुसून काउंटरवर ठेवली.

जागेचा प्रश्न नेहमीचाच. मोठी खोली आता अभ्यासिका झाली आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत जागा धरून असतात. खरं सांगायचं तर त्यांच्या शुल्कावरच आमचं वीजबिल निघतं. वाचनालयात दोन तास पुस्तकांना द्या म्हणून त्यांची समजूत काढावी लागली. काही जण बाहेर गेले, काही जण ‘चालू घडामोडी’ मांडीवर ठेवून तिथेच बसले. ते बसले हे बरंच झालं.

चिठ्ठ्या तिसेक आल्या होत्या. पहिल्या दहा-बारा वाचताना मजा आली. एक कॉलेजच्या वयाची असावी: ‘ट्रूकॉलर टाकला असता तर कादंबरी तिसऱ्या पानावर संपली असती.’ दुसरी: ‘एवढ्या महिन्यांत एकानेही दुसऱ्याचा डीपी बघू नये?’ एका आजींनी (अक्षर थरथरतं, म्हणून आजी म्हणते) लिहिलं होतं की मुलगा बरा आहे, निदान शुद्ध लिहितो. आणखी एक होती ती लँडलाइनच्या दिवसांची. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, आणि सासूबाई विचारायच्या, कुणाचा होता? नंबर दिसायची सोय नाही. ‘आमच्या ब्लँक कॉलची कुणी कादंबरी केली नाही,’ असं शेवटी.

मग ही: ‘बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला देत नाहीत. नायकाला तो आठ दिवसांत कसा मिळाला? तसेच पूर्वी एका मेसेजात इंग्रजी अक्षरे १६० बसत आणि देवनागरी फक्त ७०, म्हणून लोक इंग्रजी लिपीत मराठी लिहीत. नायिका मात्र त्या काळच्या आठवणीत पानभर देवनागरी मेसेज पाठवते. लेखिकेने चौकशी करायला हवी होती.’ अख्खी खोली दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे वळली. काका छताकडे बघत होते.

पुढची चिठ्ठी मी उघडली आणि पहिली ओळ वाचायला सुरुवातही केली. ती अशी होती:

‘मला हसू आलं नाही. दोन वर्षं एक अनोळखी नंबर मला रोज सकाळी विचारतो, उठलीस का. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून. पुस्तकातला मुलगा चांगला आहे हे मला माहीत आहे, कारण त्याची प्रकरणं मी वाचली. तिने ती वाचलेली नाहीत. मग ती कशाच्या जोरावर उत्तर देते? पहिल्या पन्नास पानांत तो आणि माझा हा, दोघं सारखंच वागतात.’

पहिल्या ओळीनंतर थांबून चिठ्ठी घडी करता आली असती. शब्द दिला होता, म्हणून पूर्ण वाचली. आवाज तोच ठेवला.

आधी अभ्यासिकेतला एक मुलगा बोलला, “सिम बदलायचं ना मग.” त्यावर मागच्या रांगेतून एकदम चार-पाच बायका बोलल्या. बँकेत तोच नंबर, गॅसला तोच, आधारला तोच, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर तोच. बदलायचा कुणी? त्याने की तिने? ज्यांचा आवाज मी काउंटरवर ‘हे घेऊ का’ याच्या पलीकडे ऐकला नव्हता त्या बोलत होत्या. अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला. हाच विषय होता असं मला वाटतं. फोटो काढणाऱ्या मुलाने नेमका तेव्हाच कॅमेरा खाली ठेवला होता, त्यामुळे अहवालात त्या दिवसाचे फक्त हारतुऱ्याचे फोटो आहेत.

आमच्या सभासदांत एक वकीलबाई आहेत. त्या उभ्या राहिल्या आणि पुस्तक मागून घेतलं. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करायचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, म्हणाल्या. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ७८ झालं. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. मग बोट ठेवून पानं सांगितली. “बत्तीसवर ती म्हणते, परत मेसेज करू नका. चाळीसवर पुन्हा म्हणते. सेहेचाळीसवर हा पाठवतो, ‘हा शेवटचा.’ अठ्ठेचाळीसवर तिला हसू येतं. तिला हसू आलं म्हणून ही कादंबरी झाली. नसतं आलं तर माझ्याकडे फाईल असती.” ज्याला कुणाला गरज असेल त्याच्यासाठी म्हणून त्यांनी आणखी सांगितलं: ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे, काही पुसायचं नाही, आणि एकदा स्वच्छ शब्दांत ‘नको’ लिहून तो मेसेज जपून ठेवायचा.

त्या चिठ्ठीतलं पुस्तकाबद्दलचं वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या आमच्याकडे बऱ्याच येतात, आणि नायक कोण हे ओळखायला अडचण पडत नाही. लेखिका त्याला एक आजारी आई देते किंवा रस्त्यावरचं कुत्रं देते, तो तिच्या गोळ्या वेळेवर देतो किंवा त्याला बिस्किट घालतो, की झालं. वाचकाच्या हातात दोन्ही मोबाईल असतात. विनोद सगळा त्यावर उभा. वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या मजल्यावर लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभा राहतो आणि आपण गालातल्या गालात हसतो, कारण आपल्याला माहीत असतं. तिच्या हातात एकच मोबाईल आणि त्यावर दहा आकडे. मी इतकी वर्षं पुस्तकं हाताळते, परीक्षणं वाचते. हे मला कुठल्या परीक्षणात दिसलं नव्हतं. ते आलं तक्रारपेटीतून, वहीच्या फाडलेल्या पानावर.

आणि अक्षर मला ओळखू आलं.

काउंटरवर मागणी वही असते. सभासदांनी हवी ती पुस्तकं त्यात लिहायची. त्या वहीमुळे गावातली निम्मी अक्षरं मला पाठ आहेत. हिचा ‘ळ’ उभ्या आठासारखा येतो आणि शिरोरेषा शब्द संपल्यावरही थोडी पुढे जाते. शंका घ्यायला जागाच नव्हती. तिचं वय, काम, काहीच इथे लिहीत नाही. कार्यक्रमात ती होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसली, बोलली नाही. जाताना पुस्तक बदलून नेलं आणि मला म्हणाली, “छान झाला कार्यक्रम, ताई.” मी शिक्का मारला.

आमच्या कामात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, पण करावी लागते. कोण काय वाचतं हे आपल्याला सगळं माहीत असतं आणि ते कुणाला सांगायचं नसतं. मुलीने गेल्या महिन्यात काय काय नेलं हो, असं विचारणारी आई येते. बायको कुठली पुस्तकं वाचते हे बघायला नवरा रजिस्टर उलटं करतो. मी रजिस्टर मिटते. पण इथे मला जे कळलं ते मीच मागवलं होतं, नाव विचारणार नाही अशी हमी देऊन. बाजूला घेऊन विचारलं असतं तर ती हमी खोटी ठरली असती, आणि पुढच्या वेळी पेटीत फक्त काकांची चिठ्ठी आली असती. गप्प बसले आणि उद्या काही झालं तर?

लिपिक म्हणाले, मॅडम, आपण ग्रंथपाल, पोलीस नव्हे. त्यांना सगळ्याच गोष्टींत असं सुटसुटीत वाटतं. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, चहाला बोलवा तिला एकदा, विचारू नका काही, नुसतं बोलवा. (मावशींना कोण हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.)

शेवटी मी वकीलबाईंकडून मजकूर तपासून पातळ पुठ्ठ्याच्या खुणपट्ट्या छापून घेतल्या. एका बाजूला वाचनालयाची वेळ. दुसऱ्या बाजूला महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलचं नाव आणि स्क्रीनशॉटच्या त्या तीन सूचना. १९३० हा नंबरही घालू असं मी म्हणाले होते, वकीलबाई म्हणाल्या तो पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे गोंधळ होईल. ही पट्टी मी फक्त तिच्या पुस्तकात ठेवली असती तर मी ओळखलं हे तिला कळलं असतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात ठेवली, अध्यक्षांच्या ऐतिहासिक कादंबरीतही. छपाईचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर त्यांनी कार्यकारिणीत प्रश्न काढला. मी ‘किरकोळ’ म्हणून टाकला आहे.

तीन पट्ट्या वकीलबाईंच्या ऑफिसात पोचल्या आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं आणि मी पुढचं विचारलं नाही. त्यांतली एक हिची आहे का, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मागणी वहीत नवीन नोंद आली. उभ्या आठासारखा ‘ळ’. ‘याच लेखिकेचं नवं पुस्तक आलंय, वेगळं असेल तर मागवावं.’ प्रकाशकाला फोन करून विचारलं. म्हणाले, यातही मेसेज आहेत, पण दोघं शाळेपासून एकमेकांना ओळखतात. मागवलं. दिवाळीनंतर येईल. नोंद तिची आहे, तेव्हा पहिला हक्क तिचा. फोन मलाच करावा लागेल. पुस्तक आलंय, एवढंच सांगायचं की आणखी काही, हे त्याआधी ठरवायचं आहे. आणि आधी हेही बघायचं आहे की तिने दिलेला नंबर अजून चालू आहे का.